नऊ जुलै २०११: तीन हजारावा हिट आणि परत दिलेला चेंडू

वाटाघाटी कशा कराव्यात याच्या वर्गात मी अमेरिकन बेसबॉलमधलं हे प्रकरण बरीच वर्षं वापरतो: स्टँडमध्ये आलेला मोलाचा चेंडू एका प्रेक्षकानं खेळाडूला परत दिला, त्याचं. समोर बसलेली मंडळी क्रिकेटवर वाढलेली असतात, त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण चेंडू परत द्यावाच लागतो ना?"

क्रिकेटमध्ये लागतो. षटकार स्टँडमध्ये पडला की ज्याच्या हाती लागेल त्यानं क्षणभर मिरवायचं आणि चेंडू आत फेकायचा, कारण पुढचा बॉल त्याच चेंडूनं टाकायचा असतो. २ एप्रिल २०११ ला धोनीचा शेवटचा षटकार वानखेडेच्या स्टँडमध्ये पडला. पुढे मुंबई क्रिकेट असोसिएशननं आठवण जपली ती चेंडू जिथे पडला त्या खुर्च्यांची. अमेरिकन बेसबॉलमध्ये उलट आहे. तिथे स्टँडमध्ये गेलेला चेंडू ज्यानं पकडला त्याचा. त्यामुळे तिथे प्रश्नही वेगळा पडतो: कायद्यानं माझी झालेली वस्तू, जी दुसऱ्या कुणाच्या आयुष्यातली मोठी आठवण आहे, तिचं मी काय करायचं?

धोनीच्या त्या षटकारानंतर तीन महिन्यांनी न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न एका तरुणापुढे आला. त्याचं नाव तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. इथे त्याची गरज नाही.

पार्श्वभूमी: चेंडू कोणाचा?

शंभर वर्षांपूर्वी बेसबॉलचे क्लबही चेंडू परत मागत. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर एका प्रेक्षकानं हाती आलेला चेंडू कर्मचाऱ्यांना द्यायचं नाकारलं आणि मागच्या गर्दीत भिरकावला. त्याला मैदानाबाहेर काढलं. तो कोर्टात गेला, त्यानं २०,००० डॉलर मागितले आणि त्याला १०० मिळाले. रक्कम किरकोळ, पण हळूहळू क्लबांनी चेंडूसाठी प्रेक्षकांशी भांडणं सोडून दिलं. त्यांना ते परवडणारंही होतं. बेसबॉलमध्ये चेंडू जरा मळला की बदलतात, एका सामन्यात डझनांनी चेंडू लागतात.

चेंडू म्हणजे तरी काय? पाच औंसांहून थोडा जड, परीघ नऊ इंचांच्या आसपास, पांढऱ्या कातड्यावर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके. नवा चेंडू गुळगुळीत असतो, पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हातातून निसटतो, म्हणून सामन्याआधी त्याला डेलावेअर नदीच्या काठचा एक खास चिखल चोळतात. दुकानात घेतला तर असा चेंडू दोन-चार पिझ्झांच्या भावात येतो. त्याची किंमत ठरते तो कोणी, कधी, कुठे मारला यावर.

ही किंमत किती फुगू शकते ते १९९८ मध्ये दिसलं. मार्क मॅग्वायरनं त्या मोसमात ७० होम रन (बेसबॉलमधले षटकारच म्हणा) मारले आणि सत्तराव्याचा चेंडू जानेवारी १९९९ मध्ये लिलावात ३० लाख डॉलरला गेला. तीन वर्षांनी बॅरी बाँड्सनं ७३ मारले. त्र्याहत्तराव्या चेंडूवरून सॅन फ्रान्सिस्कोत खटलाच उभा राहिला. एकाच्या ग्लोव्हमध्ये चेंडू आला, पण गर्दीनं त्याला खाली पाडलं. चेंडू घरंगळला तो दुसऱ्याच माणसानं उचलला, आणि या दुसऱ्यानं कोणाला धक्काही मारलेला नव्हता. डिसेंबर २००२ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की बॅटवरून प्रेक्षकांत गेलेला चेंडू म्हणजे क्लबनं सोडून दिलेली वस्तू, जो ताबा मिळवेल त्याची. इथे दोघांचाही हक्क खरा, तेव्हा चेंडू विकून पैसे निम्मे निम्मे वाटा. लिलावात आले साडेचार लाख. एका पक्षाच्या वकिलाचं बिल त्याच्या अशिलाच्या वाट्याहून मोठं होतं.

ही सगळी माहिती २०११ च्या जुलैपर्यंत वर्तमानपत्रांत छापून आलेली होती. पुढच्या गोष्टीसाठी एवढं लक्षात ठेवायला हवं. क्लबच्या अधिकाऱ्यांना ती पाठ असणार. स्टँडमधल्या माणसाला ती पाठ असण्याचं कारण नव्हतं.

घटना

डेरेक जीटर हा न्यूयॉर्क यँकीजचा कप्तान. एका क्लबसाठी सगळी कारकीर्द खेळलेला, त्या शहराचा लाडका. चेंडू मारून बॅटर सुखरूप बेसवर पोहोचला की एक हिट. असे तीन हजार हिट तोपर्यंत फक्त २७ खेळाडूंच्या नावावर होते. बेब रूथपासूनच्या यँकीजच्या इतिहासात, त्या क्लबकडून खेळताना तो आकडा कोणीही गाठलेला नव्हता.

शनिवार, ९ जुलै. समोर टँपा बे रेज, पिचर डेव्हिड प्राइस. सकाळी जीटरच्या खात्यात २,९९८ हिट होते. पहिल्या इनिंगमध्ये त्यानं साधा सिंगल घेतला, २,९९९. तिसऱ्या इनिंगमध्ये प्राइसचा कर्व्हबॉल, म्हणजे हवेत वळणारा चेंडू, त्यानं डाव्या बाजूच्या स्टँडमध्ये भिरकावला. तीन हजारावा हिट होम रननं गाठणारा त्याच्याआधी एकच, वेड बॉग्ज, १९९९ मध्ये. त्या दिवशी जीटरनं पाचपैकी पाच हिट घेतले, शेवटच्या हिटनं सामनाही जिंकून दिला, ५–४. पटकथेत असं कोणी लिहिलं असतं तर आपण हसलो असतो.

चेंडू स्टँडमध्ये आला तो आधी एका मध्यमवयीन गृहस्थांच्या हाताला लागला आणि निसटला. शेजारी त्यांचा मुलगा होता, तेविशीतला, मोबाईल विकण्याची नोकरी करणारा, कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळलेला. त्यानं चेंडूवर झडप घातली. तिकिटं त्याच्या मैत्रिणीनं वाढदिवसाची भेट म्हणून काढली होती.

आता हे तिघं डोळ्यांसमोर आणा. आधी हात लागला वडिलांचा, चेंडू मुठीत मुलाच्या, तिकीट मैत्रिणीचं. बाँड्सच्या चेंडूचा खटला ज्यांना आठवत होता त्यांच्यासाठी हा परीक्षेचा प्रश्नच. या घरात तो प्रश्न म्हणून उभाच राहिला नाही.

काही मिनिटांत सुरक्षारक्षक आले आणि त्याला आत घेऊन गेले.

समस्या

त्याच्यापुढे नेमकी अडचण काय होती? चेंडू त्याचा होता, याबद्दल कोणी वाद घातला नाही. त्या वेळी जाणकार सांगत होते की लिलावात चेंडूला अडीच लाख डॉलरपर्यंत मिळू शकतील. तरुणाच्या डोक्यावर एक लाख डॉलरहून जास्त शैक्षणिक कर्ज होतं. म्हणजे हातात मावणाऱ्या त्या वस्तूत त्याचं सगळं कर्ज फिटून वर काही उरेल एवढी रक्कम होती.

दुसऱ्या बाजूला जीटर. हा तरुण लहानपणापासून यँकीजचा चाहता. चेंडू विकला तर तो कुठल्या तरी संग्राहकाच्या काचेच्या कपाटात जाणार, आणि ज्यानं सोळा वर्षं खपून तो टप्पा गाठला त्याच्याकडे आठवण म्हणून काही राहणार नाही.

तिसरी गोष्ट वेळ. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. सामना अजून चालू होता, स्टेडियम दणाणत होतं, आणि निर्णय तिथेच, तेव्हाच घ्यायचा असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. कोणी घड्याळ लावलेलं नव्हतं. ते आपोआप लागलं.

कोणते पर्याय होते

ठेवून घेणं हा सगळ्यात साधा. चेंडू खिशात घालायचा, आभार मानायचे आणि घरी जायचं. यात एक मेख आहे. चेंडू तोच आहे हे सिद्ध व्हायला हवं. २००१ पासून मेजर लीग बेसबॉलची, म्हणजे हे क्लब जिथे खेळतात त्या लीगची, अधिकृत प्रमाणीकरण व्यवस्था आहे. बहुतेक वेळा पोलीस खात्यातून आलेले निरीक्षक सामन्याला हजर असतात, समोर पाहिलेल्या वस्तूवर क्रमांक असलेलं होलोग्रामचं स्टिकर लावतात. मोठा टप्पा जवळ आला की पिचरकडे आधीच खूण केलेले चेंडू दिले जातात. खूण असली तरी स्टिकर लीगच्या माणसाकडूनच लागायचं. त्याशिवाय चेंडू म्हणजे नुसता चिखल चोळलेला चेंडू. क्लबच्या हातातला हा पत्ता मोठा आहे, आणि तो कसा खेळला जातो ते पुढे येईलच.

विकणं हा दुसरा. वैध, फायद्याचा, आणि लोकांच्या शिव्या खाणारा. २००७ मध्ये बाँड्सनं कारकिर्दीतला ७५६ वा होम रन मारून हँक ॲरनचा विक्रम मोडला, तो चेंडू पकडणाऱ्या विद्यार्थ्यानं विकायचं ठरवलं, कारण ठेवला तर कर भरायला पैसे नाहीत अशी त्याला भीती होती. साडेसात लाखांना विकला गेला. घेणारा एक फॅशन डिझायनर. त्यानं इंटरनेटवर लोकांचं मत घेऊन त्यावर तारांकन, म्हणजे विक्रमाबद्दल शंका असल्याची खूण, डागलं आणि चेंडू कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयाला देऊन टाकला. विकल्यावर वस्तूचं पुढे काय होईल ते आपल्या हातात राहत नाही, याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

काहीही न घेता परत देणं हा तिसरा. याचा आदर्श १९९८ चा. मॅग्वायरचा ६२ वा होम रन सेंट लुइसमध्ये प्रेक्षकांपर्यंत पोहोचलाच नाही. मैदानाची निगा राखणाऱ्या एका कर्मचाऱ्यानं तो उचलला आणि त्याच संध्याकाळी मॅग्वायरला देऊन टाकला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

आणि चौथा पर्याय: देणं, पण ठरवून. काय हवं ते सांगून, लिहून घेऊन, गरज पडली तर आठवडाभरानं. त्या खोलीत हा पर्याय पर्याय म्हणून कोणी मांडलाच नाही.

काय केलं

क्लबच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, काय हवं? त्यानं उत्तर दिलं ते जवळजवळ संकोचानं: सही केलेले एक-दोन चेंडू, बॅट, जर्सी. आणि जीटरला भेटायला मिळालं तर. चेंडू त्यानं जीटरचाच मानला होता. पैसे काय, मी अजून तेवीस वर्षांचा आहे, कमवायला वेळ आहे, अशा अर्थाचं तो नंतर पत्रकारांशी बोलला.

क्लबनं त्याच्या मागणीहून जास्त दिलं. जीटरच्या सहीच्या तीन बॅट, तीन चेंडू, दोन जर्सी. त्या मोसमातल्या उरलेल्या सगळ्या घरच्या सामन्यांसाठी आणि पुढच्या प्लेऑफसाठी (बाद फेरीसाठी) आलिशान सूटमधली चार-चार तिकिटं. दुसऱ्या दिवशी पुढच्या रांगेतली जागा. आणि सामना संपल्यावर जीटरची भेट.

वर्गात इथे मी थांबतो आणि विचारतो: कोणी काय दिलं? बहुतेक जण म्हणतात, क्लबनं सढळ हातानं दिलं. मग मार्केट यार्डात अडतीचा धंदा करणाऱ्या एका बाईंनी एकदा हिशेब मांडला तो असा: बॅटा जीटरच्याच, सही त्याच्याच हाताची, खुर्च्या क्लबच्याच. गाठीचं काय गेलं? सूटमधल्या सगळ्या खुर्च्या रोज भरत असतील तर तेवढी विक्री बुडाली, नसतील तर काहीच नाही. बदल्यात अडीच लाखांची वस्तू आणि देशभराच्या वर्तमानपत्रांत आठवडाभर गोड बातमी. "भाव त्यानं विचारलाच नाही, आणि यांनी सांगितला नाही," त्या म्हणाल्या. यात क्लबनं काही फसवलं असं मी म्हणत नाही. मागितल्याच्या दुप्पट देणाऱ्याला लबाड म्हणणं अन्याय होईल. पण तिथे एकाला भाव ठाऊक होता आणि दुसऱ्याला नव्हता, हे खरं आहे.

मग आला कर

दोन-तीन दिवसांत वर्तमानपत्रांनी एक वेगळीच बाजू काढली. ही सगळी तिकिटं, बॅटा, जर्सी म्हणजे उत्पन्न तर नव्हे? तिकिटांच्या किमतीचेच अंदाज ३२,००० डॉलरच्या पुढे जात होते. त्या हिशेबानं या तरुणाला पाच ते तेरा हजार डॉलर कर पडू शकतो, असं छापून आलं.

याची मुळंही १९९८ मध्ये आहेत. मॅग्वायरचा विक्रमी चेंडू कोणी परत दिला, तर लाखोंची वस्तू दुसऱ्याला दिल्याबद्दल त्याला भेटकर लागू शकतो, असं कर खात्याच्या प्रवक्त्यानं बोलून टाकलं. देशभर गदारोळ झाला. मग खात्याच्या आयुक्तांनीच खुलासा केला: चेंडू लगेच परत देणं म्हणजे बक्षीस नाकारण्यासारखं आहे, त्यावर कर नाही. बेसबॉलच्या प्रेमानं कर खात्याला पाघळवलेलं दिसण्याचे प्रसंग फार नसावेत.

पण तो खुलासा चेंडू फुकट परत देणाऱ्यासाठी होता. बदल्यात काही घेतलं की प्रश्न पुन्हा उघडतो. अमेरिकी कायद्यात भेट म्हणजे देणाऱ्यानं निव्वळ मायेनं, काही अपेक्षा न ठेवता दिलेली वस्तू. चेंडूच्या मोबदल्यात धंदेवाईक क्लबनं दिलेली तिकिटं त्यात बसतात का? करसल्लागारांत एकमत नव्हतं. आणि गंमत अशी की कर रोखीत भरायचा असतो, तर हातात असतात खुर्च्या. खुर्चीवर बसून सामना बघता येतो, पण ती कर खात्याला देता येत नाही. चेंडू विकला असता तर करही विकलेल्या पैशातून गेला असता. उदारपणा दाखवणाऱ्याच्याच खिशाला चाट बसते, हे लोकांना खटकलं.

परिणाम

खटकलं म्हणूनच पुढचं घडलं. एका बिअर कंपनीनं त्याचा कर भरायची तयारी जाहीर केली. खेळाच्या वस्तूंच्या दुकानांची एक साखळी आणि यँकीजच्या स्मृतिवस्तू विकणारी एक कंपनी मिळून त्याच्या शैक्षणिक कर्जासाठी किमान ५०,००० डॉलर देण्याचं बोलली. पत्त्यांसारखी बेसबॉल कार्डं छापणाऱ्या कंपनीनं त्याच्या नावाचं कार्ड काढायचं म्हटलं. या मदतीत प्रेम होतं तसंच दुकानही होतं. स्मृतिवस्तू विकणाऱ्याला त्या आठवड्यात जीटरच्या बातमीत आपलं नाव येणं काय भावाचं होतं, ते सांगायला नको.

लोकांत दोन तट पडले. काहींनी त्याला भोळा म्हटलं, काहींनी त्याहून कडक शब्द वापरले. उरलेल्यांनी त्याला पोराबाळांना दाखवायचा आदर्श करून टाकलं. मला हे दोन्ही तितकेच कंटाळवाणे वाटतात. पैशाचाच हिशेब करायचा तर कर्जाला मिळालेली मदत, तिकिटं आणि वस्तू मिळून त्याच्याकडे आलं ते चेंडूच्या सर्वांत वरच्या अंदाजाहून कमी, पण शून्याहून पुष्कळ जास्त होतं. मात्र त्यातला मोठा भाग नशिबानं आला. खोलीतून बाहेर पडताना त्याच्या हातात कर्ज फेडायला एक डॉलरही नव्हता. हे वर्गात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण गोष्टीचा शेवट गोड झाला की मधला निर्णयही शहाणा होता असं वाटायला लागतं.

तोच टप्पा, तेच स्टेडियम, चार वर्षांनी

१९ जून २०१५. यँकी स्टेडियम. ॲलेक्स रॉड्रिगेझनं जस्टिन व्हर्लंडरला होम रन मारून आपला तीन हजारावा हिट गाठला. असं करणारा तिसरा. या वेळी चेंडू हाती लागला तो नवख्या माणसाच्या नाही. हा गृहस्थ वर्षानुवर्षं देशभरच्या स्टेडियममध्ये चेंडू गोळा करत फिरणारा, त्याच्या खात्यात आठ हजारांहून अधिक चेंडू. सुरक्षारक्षक आले, अधिकारी आले, त्याला आत नेलं, वस्तू देऊ केल्या. त्यानं सांगितलं, ठेवतो. आणि घरी गेला.

त्याला लोकांनी काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण दोन आठवड्यांनी, ३ जुलैला, तो पत्रकार परिषदेत रॉड्रिगेझच्या शेजारी बसला होता. चेंडू परत गेला. बदल्यात यँकीजनी गरीब मुलांना बेसबॉलचं साहित्य देणाऱ्या 'पिच इन फॉर बेसबॉल' या संस्थेला दीड लाख डॉलर दिले. त्याला स्वतःलाही सह्या, जर्सी, तिकिटं मिळाली.

दोन्ही प्रकरणांत चेंडू शेवटी खेळाडूकडेच गेला. म्हणजे 'ठेवावा की परत द्यावा' या प्रश्नाचं उत्तर दोघांनी एकच दिलं. फरक पडला तो दोन आठवड्यांमुळे. पहिल्यानं तासाभरात दिला, दुसऱ्यानं पंधरा दिवसांनी, आणि त्या पंधरा दिवसांत क्लबची चेकबुकं उघडली. जीटर सगळ्यांचा लाडका आणि रॉड्रिगेझ उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात अख्खा २०१४ चा मोसम निलंबित झालेला, हाही फरक आहेच. रॉड्रिगेझला 'नाही' म्हणणं सोपं होतं. जीटरला 'नाही' म्हणायचं तर त्या स्टेडियममधून बाहेर पडणंच अवघड झालं असतं.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा स्टँडमध्येच. रक्षक म्हणाले चला, आणि तो गेला. जायलाच हवं असं नव्हतं, पण गर्दीत चेंडू हातात घेऊन उभं राहणंही सुरक्षित नाही. तेव्हा जाणं बरोबर. फक्त जाताना सोबत कोणाला घ्यायचं हे ठरवायला हवं. एप्रिल २०२४ मध्ये लॉस एंजलिसमध्ये शोहेई ओहतानीच्या डॉजर्सकडून मारलेल्या पहिल्या होम रनचा चेंडू एका तरुणीच्या हाती आला. नवऱ्यापासून वेगळं नेलं, घाई केली, चेंडू घेऊन गेलात तर प्रमाणपत्र मिळणार नाही असं ऐकवलं, अशी तिची तक्रार होती. तिच्या हाती पडल्या दोन टोप्या, एक बॅट, एक चेंडू. बाहेर त्या चेंडूची किंमत लाखभर डॉलर सांगितली जात होती. बराच बोभाटा झाल्यावर क्लबनं त्या दोघांना पुन्हा बोलावून गोड करून घेतलं. वर म्हटलेला स्टिकरचा पत्ता तो हाच.

दुसरी जागा "काय हवं?" या प्रश्नाची. या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देणारा माणूस जवळपास नेहमीच कमी मागतो. लाज आड येते. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत "तुम्हीच सांगा" म्हणून चेंडू समोरच्याच्या अंगणात टाकायची जुनी युक्ती आहे. इथे ती चालली असती. "तुमच्या मनात काय आहे?" एवढं विचारलं असतं तरी क्लबला आकडा किंवा यादी मांडावी लागली असती.

तिसरी जागा कोणाच्या लक्षातच येत नाही: प्रमाणीकरण आणि देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी स्टिकर लावून घ्यावं, नंतर देण्याचं बोलावं. स्टिकर लागलेला चेंडू तुमच्या हातात असला की बोलणी बरोबरीची होतात.

वेगळं काय करता आलं असतं

माझं मत विचाराल तर चेंडू जीटरला दिला हे योग्यच. त्याला ज्याचा आनंद वाटला ते त्यानं केलं, आणि दुसऱ्याच्या आनंदाचा भाव लावणारे आपण कोण? मी फक्त तासाभरात घडलेलं एका आठवड्यावर नेलं असतं. जीटरला त्याच संध्याकाळी भेटून सांगायचं, चेंडू तुमचाच आहे, पुढच्या शनिवारी आणून देतो. मधल्या दिवसांत एका करसल्लागाराला तासभर भेटायचं. मोबदल्यात तिकिटांऐवजी कर्जाची रक्कम थेट कॉलेजला भरण्याबद्दल बोलायचं, किंवा तिकिटं घ्यायचीच तर त्यांवरचा कर क्लबनं सोसायचा असं लिहून घ्यायचं. आणि वडिलांना, मैत्रिणीला विचारायचं, कारण हात एकाचा आणि तिकीट दुसरीचं.

यावर वर्गात हमखास एक आक्षेप येतो: आठवडाभर थांबलं की ती 'भेट' राहत नाही, सौदा होतो. आक्षेपात दम आहे. त्या तरुणाबद्दल लोकांना जे वाटलं ते त्यानं हिशेब केला नाही म्हणूनच वाटलं. बिअर कंपनी असो की दुकानवाले, भावखोर माणसाच्या मदतीला कोणी धावलं नसतं. करार करून दिला असता तर कर्जाचे पैसे कदाचित मिळाले असते, पण त्याचं नाव आठवणीत राहिलं नसतं. यातलं काय जास्त मोलाचं हे ठरवणं माझ्या कामात बसत नाही.

आणि थांबण्यालाही किंमत असते. ४ ऑक्टोबर २०२२ ला टेक्ससमध्ये ॲरन जजनं मोसमातला ६२ वा होम रन मारून अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाचा; मॅग्वायर आणि बाँड्सचे आकडे दुसऱ्या गटातले) ६१ वर्षं टिकलेला विक्रम मोडला. चेंडू पकडणाऱ्यानं तो घरी नेला. एका लिलाव कंपनीनं २० लाख डॉलर जाहीरपणे देऊ केले. तो थांबला. डिसेंबरमध्ये दुसरीकडे लिलाव झाला, चेंडू १५ लाखांना गेला. हा आकडा मी वर्गात मुद्दाम अगदी शेवटी सांगतो. तोवर बहुतेकांनी वहीत 'थांबायला हवं होतं' असं लिहून त्याखाली रेघ मारलेली असते.